रेनियरचा चिखल

१८७० सालच्या ऑगस्टमध्ये हॅझर्ड स्टीव्हन्स आणि फिलेमन व्हॅन ट्रम्प हे दोघे रेनियर पर्वताच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा दिवस मावळतीला आला होता. उंची ४,३९२ मीटर. त्याच दिवशी परत उतरायचं म्हणून कोट आणि पांघरुणं खालच्या तळावरच ठेवलेली. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या या पर्वतावर, एवढ्या उंचीवर आणि तसल्या वाऱ्यात उघड्यावर रात्र काढणं म्हणजे मरणच होतं. पण माथ्यावरच्या विवरात, बर्फ आणि खडक यांच्या सांध्यात त्यांना एक गुहा सापडली. खडकाच्या फटींतून गरम वाफ येत होती आणि तिनेच बर्फ आतून कोरून काढला होता. नाकात गंधकाचा वास, एक अंग भाजतंय, दुसरं गारठतंय, कपडे वाफेने चिंब. अशी रात्र काढून दोघे दुसऱ्या दिवशी जिवंत खाली आले. रेनियरच्या माथ्यापर्यंतची ही पहिली नोंदली गेलेली चढाई.

त्या गुहा आजही आहेत. विवरातल्या बर्फाखाली वाफेने कोरलेल्या बोगद्यांचं जाळं आहे, एक छोटं तळंसुद्धा आहे. गिर्यारोहकांना त्यात अडीअडचणीचा निवारा दिसतो, भूवैज्ञानिकांना पुरावा दिसतो. हा पर्वत थंड झालेला नाही. शिलारस बाहेर टाकणारा त्याचा शेवटचा उद्रेक साधारण १,००० वर्षांपूर्वी झाला आणि ज्वालामुखीच्या हिशेबात एवढा काळ म्हणजे काहीच नाही. त्यातच त्याच्या अंगावर पंचवीसच्या आसपास हिमनद्या आहेत. कॅस्केड पर्वतरांगेतल्या बाकीच्या सगळ्या ज्वालामुखींवरचा बर्फ एकत्र केला, तरी एकट्या रेनियरवरच्या बर्फापेक्षा तो कमीच भरतो.

सिएटल शहर इथून शंभरेक किलोमीटरवर. ढग हटून पर्वत दिसू लागला की तिथले लोक ‘आज डोंगर बाहेर आलाय’ असं म्हणतात. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या नोकऱ्यांमुळे त्या भागात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या फोटोंतही तो मागे उभा असतोच, पांढराशुभ्र आणि शांत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने मात्र त्याला देशातल्या सर्वांत धोकादायक ज्वालामुखींच्या गटात घातलं आहे. धोका लाव्हाचा म्हणाल, तर तो फारसा नाही. रेनियरचा लाव्हा दाट आणि मंद, तो पर्वताभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर पोहोचण्याची शक्यता कमीच. धोका आहे तो चिखलाचा.

थोडं नावाविषयी. स्थानिक आदिवासी या पर्वताला ताहोमा आणि त्याच्या जवळपासच्या उच्चारांनी ओळखत आले आहेत. १७९२ मध्ये इंग्लिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरने त्याला आपल्या मित्राचं, आरमारातल्या पीटर रेनियरचं नाव दिलं. हा रेनियर पुढे १७९४ पासून दहा-अकरा वर्षं हिंदी महासागरातल्या ब्रिटिश आरमाराचा प्रमुख होता. म्हणजे त्याचा संबंध आला तो आपल्या समुद्रांशी. त्याच्या नावाचा पर्वत त्याने कधी पाहिलाच नाही.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ज्वालामुखीचा खडक नवा नाही. दख्खनचं पठार ज्वालामुखीनेच घडवलं. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जो लाव्हा आला, तो पातळ बेसाल्टचा होता. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो बाहेर पडला, शेकडो किलोमीटर पसरला आणि थरावर थर बसवत गेला. घाटात दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्याच्याच. रेनियरची घडण अगदी वेगळी. तिथे पॅसिफिक किनाऱ्याजवळ हुआन दे फुका नावाचं समुद्रतळाचं भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतं आहे. खाली जाताना ते खडकांत मुरलेलं पाणी सोबत नेतं. या पाण्यामुळे वरच्या प्रावरणातला खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो. त्यातून वर येणारा शिलारस मुख्यतः अँडेसाइट जातीचा, म्हणजे सिलिका जास्त आणि चिकटपणाही जास्त. तो दूर वाहत नाही, तोंडाशीच साचतो. कधी घट्ट लाव्हा, कधी स्फोटातून उडालेले दगड आणि राख, अशा थरांतून ५ लाख वर्षांत हा उंच, तीव्र उताराचा सुळका उभा राहिला. तीव्र उतार, सैल थर आणि वर बर्फ. पुढच्या सगळ्या गोष्टी या तीन बाबींतून निघतात.

बर्फ फक्त वर बसून राहिलेला नाही, पर्वत घडवण्यातही त्याचा हात आहे. रेनियरच्या नकाशाकडे पाहिलं तर एक कोडं पडतं. लाव्हा हा द्रव, तेव्हा तो दऱ्यांतून वाहायला हवा. पण इथले लाव्हाचे जाडजूड थर सापडतात ते सोंडांच्या माथ्यावर, आणि दोन सोंडांमधल्या दऱ्या रिकाम्या. लाव्हा आधी दऱ्यांतच भरला, मग भोवतालचा मऊ भाग झिजून गेला आणि कठीण लाव्हा उंच उरला, असं स्पष्टीकरण बराच काळ दिलं जात होतं. १९९८ मध्ये डेव्हिड लेसिन्स्की आणि टॉम सिसन यांनी वेगळं आणि जास्त पटणारं उत्तर मांडलं. लाव्हा आला तेव्हा दऱ्या मोकळ्या नव्हत्याच. हिमयुगातल्या शेकडो मीटर जाडीच्या हिमनद्यांनी त्या काठोकाठ भरल्या होत्या. लाव्हाला वाट मिळाली ती दोन हिमनद्यांच्या मधल्या धारेवरून, आणि दोन्ही बाजूंच्या बर्फाला टेकून तो गोठला. या थरांच्या कडेला काचेसारखा झटकन थिजलेला खडक आणि बारीक आडवे खांब दिसतात, ते थंड भिंतीला टेकल्याची खूण आहेत. पुढे बर्फ ओसरला आणि सोंडा उरल्या.

आता पर्वताच्या आतल्या भागाकडे वळू. खोलवरच्या शिलारसातून गंधकाचे वायू सतत वर येत असतात. वरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी फटींतून खाली मुरत असतं. दोन्ही भेटले की सौम्य, गरम आम्ल तयार होतं आणि ते हजारो वर्षं खडकात झिरपत राहतं. अँडेसाइटमधलं फेल्डस्पार या आम्लाने कुजतं आणि त्याची चिकणमाती होते. लोणा लागलेली भिंत बाहेरून उभी दिसते, पण बोट लावलं की आतला भाग भुगा होऊन पडतो, तशीच रेनियरच्या काही भागांची अवस्था आहे, विशेषतः पश्चिम उताराची. खडकाचा रंग पिवळट-पांढरा झालेला, ताकद गेलेली आणि सगळ्या छिद्रांत पाणी. असा उतार कोसळायला उद्रेकच हवा असं नाही. भूकंपाचा एखादा धक्का पुरतो. कधी तेवढंही लागत नाही.

साधारण ५,६०० वर्षांपूर्वी रेनियरचा माथाच गेला. उद्रेकाच्या धक्क्यात ईशान्येकडचा आणि शिखराचा कुजलेला भाग सुटला, त्यातल्या पाण्यामुळे वाटेतच त्याचा चिखल झाला आणि तो व्हाइट नदीच्या खोऱ्यातून थेट प्युजेट साउंडच्या खाडीपर्यंत पोहोचला. या लोंढ्याला ऑसिओला चिखललोट म्हणतात. त्यातला ऐवज सुमारे ३.८ घन किलोमीटर होता. पर्वतावर घोड्याच्या नालाच्या आकाराची मोठी खाच पडली. नंतरच्या उद्रेकांतल्या लाव्हाने ती बरीचशी भरून काढली आणि आजचं गोल, देखणं शिखर त्यातूनच उभं राहिलं.

हा थर काय आहे, हे लोकांना फार उशिरा कळलं. एनमक्लॉ आणि बकली या गावांखालची ती सपाट, दगडमिश्रित माती हिमनदीने आणून टाकली असावी, असाच समज होता. १९५० च्या दशकात ड्वाइट क्रँडेल या भूवैज्ञानिकाने आपल्या सहकाऱ्याबरोबर या थराचा माग खोऱ्यातून वरवर काढत नेला आणि तो रेनियरपाशी पोहोचला. कित्येक किलोमीटर दूरच्या गावांचा पाया एका पर्वताच्या डोक्याचा बनलेला आहे, हे पचवायला भूवैज्ञानिकांनाही वेळ लागला असणार.

ऑसिओला मोठा, पण जास्त झोप उडवणारा लोट दुसराच आहे. सुमारे ५०० वर्षांपूर्वी पर्वताचा पश्चिमेकडचा कुजलेला तुकडा सुटला आणि प्युऑलप नदीच्या खोऱ्यातून खाली आला. हा इलेक्ट्रॉन चिखललोट. आज त्याच्या वाटेवर ऑर्टिंग नावाचं गाव आहे. तिथे १९९० च्या दशकात नव्या वसाहतींसाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा मातीखालून जुन्या झाडांचे प्रचंड बुंधे निघाले. अख्खं जंगल उभंच्या उभं गाडलं गेलं होतं. आणि या लोटाच्या वेळी ज्वालामुखीचा उद्रेक झाल्याची कसलीही खूण मिळत नाही. राख नाही, नवा लाव्हा नाही. पर्वताचा एक भाग नुसता ढासळला.

भारतीय वाचकाला हे ऐकून ७ फेब्रुवारी २०२१ ची सकाळ आठवेल. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात रोंटी शिखराचा खडक आणि त्यावरचा बर्फ असा एक तुकडा सुटला, पडताना घर्षणाच्या उष्णतेने त्यातला बहुतेक बर्फ वितळला आणि ऋषिगंगा-धौलीगंगेच्या खोऱ्यात चिखलाचा लोंढा घुसला. दोनशेहून अधिक माणसं गेली. तिथे ज्वालामुखी नव्हता, पण खोऱ्यातल्या माणसाला त्याने काय फरक पडतो?

अशा ज्वालामुखीय चिखललोटाला जगभर लहार म्हणतात; शब्द जावा बेटावरचा. लहार म्हणजे गढूळ पूर नव्हे. त्यात निम्म्याहून जास्त भाग दगड-मातीचा असू शकतो. त्याची घनता इतकी असते की घराएवढे खडक त्यात वाहत येतात. उतारावर माणूस पळू शकत नाही इतक्या वेगाने तो येतो, वाटेतले काठ खरवडून स्वतः वाढत जातो आणि सपाटीवर पसरला की काही काळात थिजतो. पुराचं पाणी ओसरतं. लहार ओसरत नाही, गावावर तसाच राहतो.

याचं सर्वांत भयानक उदाहरण दक्षिण अमेरिकेतलं आहे. कोलंबियातला नेवाडो देल रुईज हा ५,३०० मीटरहून उंच ज्वालामुखी, विषुववृत्ताजवळ असूनही माथ्यावर बर्फाची टोपी असलेला. १५९५ मध्ये त्याच्या लहारांनी शेकडो माणसं मारली, १८४५ मध्ये जवळपास हजार. १८४५ चा चिखल जिथे पसरला, तिथली जमीन पुढे कापसाला उत्तम निघाली आणि तिच्यावर आर्मेरो नावाचं गाव भरभराटीला आलं. १९८५ पर्यंत तिथली वस्ती २९ हजारांच्या आसपास होती.

१९८४ च्या अखेरीपासून रुईज कुरकुरू लागला होता. ११ सप्टेंबर १९८५ ला वाफेचा एक स्फोट झाला आणि एक लहार २७ किलोमीटरपर्यंत आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोलंबियाच्या शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात आर्मेरो स्पष्टपणे लाल पट्ट्यात होतं. टीका झाली ती नकाशा घबराट पसरवतो अशी. जमिनींच्या किमती पडतील, धंदा बुडेल, ही काळजी पुढे आली. अशा वेळी शास्त्रज्ञ तरी काय सांगणार? उद्रेक होईल, पण कधी, याला त्यांच्याकडे तारीख नव्हती. आणि तारीख नसलेल्या संकटासाठी २९ हजार लोकांना उठवायला कुठलंही प्रशासन सहजासहजी तयार होत नाही.

१३ नोव्हेंबरला दुपारी आर्मेरोवर राख पडू लागली. लोकांना शांत राहण्याचे, घरात थांबण्याचे सल्ले मिळाले. संध्याकाळी पाऊस होता. रात्री नऊच्या सुमारास माथ्यावर मुख्य उद्रेक झाला, पण ढगांमुळे खालून काही दिसलं नाही. हा उद्रेक फारसा मोठा नव्हता. पाच वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सच्या उद्रेकात निघालेल्या ऐवजाचा अगदी छोटा अंश रुईजमधून बाहेर पडला. माथ्यावरच्या बर्फाचाही दहावा हिस्साच काय तो गेला. पण ते पाणी अरुंद, खोल नद्यांत उतरलं. काठची माती, दगड, झाडं उचलत लोंढ्याचा आकार दुपटी-चौपटीने वाढत गेला. नदीच्या वळणावळणांनी ७४ किलोमीटर कापून रात्री साडेअकराच्या सुमारास तो आर्मेरोत शिरला. काही मिनिटांत गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. पर्वताच्या दुसऱ्या बाजूच्या चिंचिना भागातले मृत्यू धरून सुमारे २३ हजार माणसं त्या रात्री गेली.

ओमायरा सांचेझ या १३ वर्षांच्या मुलीचं, चिखलाच्या पाण्यात अडकलेलं, काळवंडलेल्या डोळ्यांचं छायाचित्र त्या दुर्घटनेची ओळख बनलं. फ्रँक फुर्निए या छायाचित्रकाराने ते टिपलं. तीन दिवस ती बोलत होती. तिला सोडवता येईल असं साधन तिथे पोहोचलं नाही.

या सगळ्यात डोक्यात बसून राहते ती वेळ. उद्रेक नऊला आणि चिखल साडेअकराला, म्हणजे मध्ये जवळजवळ अडीच तास होते. आर्मेरोच्या मागे चढणीची जमीन चालत जाण्याच्या अंतरावर होती. म्हणजे कमी पडली ती फक्त एक खात्रीची हाक, आणि ती ऐकून उठण्याची सवय.

एवढ्याशा उद्रेकाने एवढं पाणी कसं झालं? गणित अगदीच अवघड नाही. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. हजार अंशांवरचा एक किलो शिलारस थंड होताना हजाराहून जास्त किलोज्यूल सोडतो. म्हणजे कागदावर एक किलो शिलारस किमान ३ किलो बर्फाचं पाणी करतो. प्रत्यक्षात मात्र उष्णता कशी पोहोचते याला महत्त्व आहे. लाव्हाचा प्रवाह बर्फावरून सरकला तर त्याच्या तळाला थिजलेली साल तयार होते आणि बर्फ सावकाश वितळतो. पण राख, दगड आणि तप्त वायूंचा झोत उतारावरून वादळासारखा येतो तेव्हा तो बर्फाला नुसता स्पर्श करत नाही. तो बर्फ उकरतो, फोडतो, स्वतःत घुसळतो. लाखो तप्त कण थेट बर्फाच्या चुऱ्यात मिसळले की काही मिनिटांत पाणी तयार. रुईजवर हेच झालं. म्हणून हिमाच्छादित ज्वालामुखीबाबत उद्रेकाचा आकार हे फसवं माप आहे.

इक्वाडोरमधल्या कोटोपाक्सीने हे १८७७ मध्ये दाखवून दिलं होतं. त्याच्या माथ्यावरून निघालेले लहार एका बाजूला पॅसिफिक महासागरापर्यंत, म्हणजे ३०० किलोमीटरहून दूर गेले. दुसऱ्या बाजूचे ॲमेझॉनच्या खोऱ्याकडे. आज त्याच मार्गांवर क्विटो शहराची दक्षिणेकडची उपनगरं पसरली आहेत. अलास्कातला रिडाउट १९८९ च्या डिसेंबरात जागा झाला, तेव्हा त्याच्या लहारांनी ड्रिफ्ट नदीच्या मुखाशी असलेल्या खनिज तेलाच्या साठ्यांपर्यंत धडक मारली आणि त्याच्या राखेत शिरलेल्या केएलएम कंपनीच्या प्रवासी विमानाची चारही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ती कशीबशी पुन्हा सुरू करून विमान अँकरेजला उतरवलं.

क्रिकेटच्या इतिहासात रस असलेल्यांना न्यूझीलंडच्या रुआपेहूची गोष्ट दुसऱ्याच वाटेने माहीत असेल. या ज्वालामुखीच्या विवरात तळं आहे. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री, कसलाही उद्रेक नसताना, तळ्याचा राखेचा आणि बर्फाचा बांध फुटला. खाली आलेल्या लहाराने टांगीवाई इथला रेल्वेपूल खिळखिळा केला आणि काही मिनिटांनी तिथे पोहोचलेली वेलिंग्टन-ऑकलंड एक्स्प्रेस नदीत कोसळली. नाताळच्या आदल्या रात्री १५१ माणसं मेली. त्यांत बॉब ब्लेअर या तेज गोलंदाजाची वाग्दत्त वधू होती. ब्लेअर तेव्हा न्यूझीलंडच्या संघासोबत जोहान्सबर्गला होता. तिथल्या कसोटीत आता तो मैदानावर येणार नाही असंच सगळे धरून चालले होते. नववा गडी बाद झाल्यावर तो पॅव्हेलियनमधून चालत बाहेर आला आणि डोक्याला पट्टी बांधलेला बर्ट सटक्लिफ समोरून त्याला घ्यायला गेला. दोघांनी शेवटच्या गड्यासाठी ३३ धावा जोडल्या. अख्खं एलिस पार्क मैदान उभं होतं.

आइसलंडमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे ज्वालामुखीच बर्फाच्या चादरीखाली गाडलेले. ३० सप्टेंबर १९९६ ला वात्नायोकुल या विशाल हिमाच्छादनाखाली, शेकडो मीटर बर्फाच्या तळाशी उद्रेक सुरू झाला. साधारण तीस तासांत त्याने बर्फ आरपार वितळवून तोंड बाहेर काढलं. पाणी मात्र लगेच बाहेर आलं नाही. ते हिमाखालच्या ग्रिम्सव्होट्न तळ्यात साठत राहिलं. सगळा देश पाच आठवडे पुराची वाट पाहत बसला. किनाऱ्याजवळच्या वाळूच्या मैदानातला रस्ता बंद झाला, कॅमेरे लागले. ५ नोव्हेंबरला बर्फ उचलला गेला आणि पाणी सुटलं. ऐन भरात असताना सेकंदाला ४५ हजार घनमीटरच्या आसपास पाणी वाहत होतं आणि हजारो टनांचे हिमखंड पुलांचे लोखंडी गर्डर पिळवटत समुद्राकडे गेले. मृत्यू एकही नाही. त्या मैदानात राहत होतं कोण? आइसलंडमधल्याच काटला ज्वालामुखीच्या १९१८ च्या पुराने एवढा गाळ आणला की दक्षिणेचा किनारा समुद्रात कित्येक किलोमीटर पुढे सरकला.

२०१० मध्ये विमानतळांवर अडकलेल्या भारतीय प्रवाशांनी एयाफ्यात्लायोकुल या आइसलंडच्याच ज्वालामुखीच्या नावाला नक्कीच शिव्या घातल्या असतील. त्या उद्रेकाची राख इतकी बारीक का होती, याचं एक कारण बर्फ हेच होतं. वितळलेलं पाणी तप्त शिलारसावर पडलं की तो झटक्यात थिजून काचेच्या बारीक कणांत फुटतो. हे कण हलके, त्यामुळे वारा नेईल तिथे जातात. उद्रेक मध्यम आकाराचा, पण युरोपातली सुमारे १ लाख उड्डाणं रद्द झाली.

पुन्हा रेनियरकडे. आर्मेरोनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये ज्वालामुखीच्या संकटात इतर देशांना मदत करणारं एक पथक उभारलं, आणि आपल्या घराजवळच्या या पर्वताकडेही नव्या नजरेने पाहिलं. लहारच्या संभाव्य मार्गांवर आज ८० हजारांच्या आसपास लोक राहतात. टाकोमा बंदराची जमीनही जुन्या लहारांच्या गाळावर उभी आहे. १९९८ मध्ये प्युऑलप आणि कार्बन नद्यांच्या वरच्या भागात लहार ओळखणारी यंत्रणा बसली आणि अलीकडे ती बरीच वाढवण्यात आली आहे. लहार येताना जमीन विशिष्ट पद्धतीने थरथरते. संवेदक ती थरथर पकडतात, संदेश जातो आणि खोऱ्यातले भोंगे वाजतात. ऑर्टिंगला त्यानंतर मिळणारा वेळ तासाभराच्या आतला.

यंत्रणेची एक अडचण स्वतः बर्फच आहे. हिमनदी सरकताना अडकते, सुटते, पुन्हा अडकते, आणि प्रत्येक वेळी छोटा भूकंप नोंदला जातो. रेनियरवर असे हजारो एकसारखे धक्के सापडले, तेव्हा ते शिलारसाचे नसून हिमनद्यांचे आहेत हे उलगडायला वेळ लागला. जोराच्या हिमवर्षावानंतर ते वाढत होते. खरे भूकंपही होतात. जुलै २०२५ मध्ये शेकडो लहान धक्क्यांची मालिका आली, २००९ नंतरची सर्वांत मोठी. पण वायू वाढले नव्हते, जमीन फुगली नव्हती. धोक्याची पातळी शास्त्रज्ञांनी ‘सामान्य’च ठेवली आणि ते समाजमाध्यमांवरच्या भाकितांना उत्तरं देत बसले.

हवामान तापल्याने रेनियरच्या हिमनद्यांनी १८९६ पासून ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्र गमावलं आहे. बर्फ कमी म्हणजे धोका कमी, असा सरळ हिशेब मात्र बसत नाही. लहारसाठी लागणारं पाणी घटेल हे खरं. पण मागे हटणारी हिमनदी उतारावर मोकळे दगडगोटे सोडून जाते आणि मोठ्या पावसात तेच खाली येतात. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये कॉट्झ ओढ्याच्या खोऱ्यात असाच चिखललोट उतरला आणि उद्यानाचा रस्ता मातीखाली गेला. आणि पश्चिम उताराचा कुजलेला खडक तर बर्फ असो वा नसो, तिथेच आहे.

२१ मार्च २०२४ ला ऑर्टिंग, प्युऑलप, समनर आणि आसपासच्या शाळांनी मिळून लहार सराव केला. त्यात सुमारे ४५ हजार विद्यार्थी-शिक्षक भाग घेणार होते. भोंगे वाजले. ज्यांच्या शाळा खोऱ्यात होत्या, ती मुलं रांगेने उंच जमिनीकडे निघाली. बसगाड्या जाणीवपूर्वक वापरल्या नाहीत, कारण खऱ्या लहारच्या वेळी खोऱ्यातले सगळे रस्ते एकाच वेळी भरतील. काही शाळांपासून सुरक्षित जागा दोन-तीन किलोमीटरवर आहे, बालवाडीतल्या मुलांसाठी ती चाल लांबच. हा सराव तिथे दर दोन वर्षांनी होतो, आणि त्याच खोऱ्यात नवी घरं बांधणंही चालूच आहे.